बडोद्यात इलेक्ट्रिशियनचे शिक्षण: प्रवेशापासून परवान्यापर्यंत

दहावीचा निकाल लागला की दांडिया बाजार, बाबाजीपुरा, वाडी या भागांतील ओळखीच्या घरांतून मला दरवर्षी एकच विचारणा होते: मुलाला इलेक्ट्रिकलला घालायचे आहे, अर्ज कुठे करू? माझे उत्तर आई-वडिलांना बऱ्याचदा लांबलचक वाटते. अर्ज कुठे करायचा हे सांगण्याआधी मुलगा दोन वर्षांत नेमके काय शिकणार आहे, त्यानंतर त्याच्या हाती कोणता कागद येणार आहे आणि त्या कागदावर त्याला कायद्याने कोणते काम करता येईल, हे मला त्यांच्यासमोर मांडावे लागते. गेली पंचवीसेक वर्षे मी या शहरात वायरिंगची आणि पॅनेलची कामे घेत आहे आणि आयटीआय करून आलेली कितीतरी मुले माझ्या हाताखाली राहून गेली आहेत. त्यांपैकी ज्यांचे पुढे चांगले झाले, त्या मुलांत मला एक गोष्ट सारखी दिसली: मीटर लावून पाहिल्याशिवाय ती तारेला हात लावत नसत. ही सवय दोन वर्षांत कशी लावून घ्यावी आणि तिच्या जोडीला कागदपत्रांची वाट कशी चालावी, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

बडोदे हे या शिक्षणासाठी सोयीचे गाव आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने येथे कलाभवन सुरू केले आणि तेच पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत सामावले गेले. जुन्या गुजरात विद्युत मंडळाचे २००५ साली वेगवेगळ्या कंपन्यांत विभाजन झाले, तरी लोकांच्या तोंडी अजून त्या मंडळाचे ‘जीईबी’ हेच नाव आहे. त्या कंपन्यांपैकी वितरण करणारी मध्य गुजरात वीज कंपनी आणि पारेषण करणारी जेटको या दोहोंची मुख्यालये बडोद्यातच आहेत. १९७४ साली स्थापन झालेली, विजेच्या उपकरणांच्या चाचण्या करणारी ‘एर्डा’ ही संस्था मकरपुऱ्यात आहे. मकरपुरा, माणेजा, सावली, वाघोडिया या पट्ट्यात ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर आणि पॅनेल तयार करणारे कारखाने आहेत. याचा व्यावहारिक अर्थ असा की, शिकणाऱ्या मुलाला शिकाऊ उमेदवारीसाठी गाव सोडावे लागत नाही.

कोणता अभ्यासक्रम घ्यावा

पर्याय मुख्यतः तीन आहेत. आयटीआयचा ‘इलेक्ट्रिशियन’ हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यासाठी विज्ञान आणि गणित हे विषय घेऊन दहावी उत्तीर्ण असावे लागते. ‘वायरमन’ हा अभ्यासक्रमही दोन वर्षांचा आहे, पण तो आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्यालाही घेता येतो. त्यात घरगुती आणि कारखान्यातील वायरिंगवर भर असतो आणि यंत्रांचा भाग त्या मानाने कमी असतो. तिसरा पर्याय म्हणजे पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा.

दहावीला गणितात बरे गुण असलेल्या आणि तीन वर्षे थांबण्याची घरची परिस्थिती असलेल्या मुलाने डिप्लोमाचा विचार जरूर करावा. तरीही ज्याचा हात चालतो, ज्याला घरातला बिघडलेला पंखा उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, अशा मुलाला मी आधी आयटीआयच सुचवतो. आयटीआयमध्ये दिवसाचा मोठा भाग कार्यशाळेत जातो आणि पुढची वाटही बंद होत नाही, कारण दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला गुजरातमध्ये ‘सी टू डी’ (सर्टिफिकेट ते डिप्लोमा) या मार्गाने डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. ज्यांनी आयटीआयनंतर डिप्लोमा केला, त्यांना साइटवर उभे राहिल्यावर आराखडाही कळतो आणि हातातली पक्कडही कळते. मला स्वतःला हा मार्ग सर्वांत पसंत आहे.

खासगी क्लासचे दोन-तीन महिन्यांचे प्रमाणपत्र घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अशा क्लासमध्ये एखादे कौशल्य चांगले शिकवले जात असेलही, पण परवान्याच्या आणि भरतीच्या वेळी राष्ट्रीय व्यावसायिक प्रमाणपत्र मागितले जाते. म्हणून संस्था खासगी असेल तर तिच्या त्या विशिष्ट ट्रेडला (म्हणजे अभ्यासक्रमाला) व्यावसायिक प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची मान्यता आहे काय, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी पाहावे. संस्थेला मान्यता असणे आणि ट्रेडला मान्यता असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रवेश, कागदपत्रे आणि नावाचा घोळ

गुजरातमधील आयटीआयचे प्रवेश राज्याच्या ऑनलाइन संकेतस्थळावर होतात आणि दहावीच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. शहरातील सरकारी संस्थांत तरसाली आणि गोरवा येथील आयटीआय सर्वांना ठाऊक आहेत. इलेक्ट्रिशियनच्या एका तुकडीत साधारण २० विद्यार्थी असतात आणि मागणी जास्त असते, त्यामुळे पसंतीक्रम भरताना एकच संस्था लिहून थांबू नये.

गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, बँकेचे खाते आणि लागू असल्यास उत्पन्नाचा व जातीचा दाखला एवढे कागद लागतात. येथे मराठी कुटुंबांना दोन अडचणी हमखास येतात. पहिली नावाची. शाळेच्या गुजराती दाखल्यावर आडनाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने आणि गुणपत्रिकेवर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले असते. ‘जाधव’ हे आडनाव गुजराती वळणाने ‘जादव’ होते आणि इंग्रजी अक्षरांत त्याचे आणखी प्रकार होतात. प्रवेशाच्या वेळी कोणी फारसे पाहत नाही, पण शिकाऊ उमेदवारीच्या नोंदणीत आणि परवान्याच्या अर्जात हाच फरक महिनोन्‌महिने अडवून धरतो. म्हणून निकाल लागण्याआधीच सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून अक्षर न्‌ अक्षर जुळवावे आणि दुरुस्ती करून घ्यावी. दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. आजोबांच्या गावी, म्हणजे महाराष्ट्रात काढलेला दाखला गुजरातच्या राज्य आरक्षणासाठी उपयोगी पडत नाही. ज्यांना येथील दाखला मिळण्याचा हक्क आहे, त्यांनी तो येथील अधिकाऱ्याकडून वेळेवर काढून ठेवावा.

पसंतीक्रम भरण्यापूर्वी संस्थेची कार्यशाळा स्वतः पाहून यावी. भिंतीला रंग कसा दिला आहे हे पाहण्यापेक्षा तेथे थ्री फेज (तीन जिवंत तारांचा) पुरवठा चालू आहे का, मोटरींच्या टर्मिनल बॉक्सवर धूळ बसली आहे की बोटांचे ठसे दिसतात, मेगर (इन्सुलेशन मोजणारे मीटर) आणि अर्थ टेस्टर (अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजणारे मीटर) कपाटात कुलूपबंद आहेत की टेबलावर आहेत, हे पाहावे. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला ‘स्टार-डेल्टा स्टार्टर स्वतः जोडला आहेस का?’ (थ्री फेज मोटर कमी करंटवर सुरू करून देणारी ही जोडणी) असे विचारावे. त्याच्या उत्तरावरून पुष्कळ कळते.

घरी मराठी, कार्यशाळेत गुजराती आणि पुस्तकात हिंदी किंवा इंग्रजी, अशी आपल्या मुलांची तारांबळ सुरुवातीला होते. पेचकसाला तेथे ‘डिसमिस’ म्हणतात. कानस, करवत आणि हातोडी मात्र दोन्ही भाषांत जवळजवळ सारख्याच आहेत. मुलाने पहिल्याच आठवड्यात एक छोटी वही करून प्रत्येक अवजाराचे आणि भागाचे नाव तीन भाषांत लिहून काढावे. महिन्याभरात त्या वहीची गरज उरत नाही.

पहिले वर्ष: सोलणे, आवळणे आणि बंद करणे

पहिल्या वर्षी सुरक्षितता, हातअवजारे, तारांचे जोड, बॅटरी, ओहमचा नियम, एसी सर्किट, वायरिंग, अर्थिंग, मोजमापाची उपकरणे, घरगुती उपकरणे आणि ट्रान्सफॉर्मर हे विषय येतात. सुरुवातीचे काही आठवडे कानस चालवण्यात आणि तारा सोलण्यात जातात. मुलांना त्याचा कंटाळा येतो, आणि पुढच्या बहुतेक चुका नेमक्या तेथेच रुजतात.

तार सोलण्याचेच उदाहरण घेऊ. दीड चौरस मिलिमीटरच्या बहुतारी वायरचे आवरण ब्लेडने आडवे कापले की आतल्या एक-दोन बारीक तारांना खाच पडते. स्क्रूखाली वायर आवळताना त्या तारा तुटतात, उरलेल्या तारांतून सगळा करंट जातो आणि तो जोड वर्षभर हळूहळू तापत राहतो. प्लास्टिक तपकिरी पडते, स्क्रू सैल होतो, सैल झाल्याने आणखी तापतो. म्हणून स्ट्रिपरचे योग्य माप वापरावे, स्ट्रिपर नसेल तर ब्लेड पेन्सिल तासल्यासारखे तिरके धरावे, सोललेले टोक बोटात फिरवून प्रत्येक तार शाबूत आहे हे पाहावे आणि टर्मिनलमध्ये तांबे बाहेर डोकावणार नाही व आवरण आत चेपले जाणार नाही इतकेच टोक ठेवावे. आवळल्यानंतर वायर हलकेच ओढून पाहावी. ओढून पाहण्याची ही क्रिया शंभर वेळा केली म्हणजे ती हातात बसते.

आवळण्याचे महत्त्व मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत एका सोसायटीच्या थ्री फेज मीटर पॅनेलचे काम संपवताना न्यूट्रल लिंकचा (परतीच्या, म्हणजे न्यूट्रलच्या तारा जिथे एकत्र येतात त्या पट्टीचा) एक स्क्रू मी हाताने धरण्यापुरता बसवला, शेवटी आवळू म्हणून ठेवला आणि विसरलो. काही आठवड्यांनी संध्याकाळी बोलावणे आले. काही घरांत दिवे भगभगत होते, काही घरांत मिणमिणत होते, आणि दोन टीव्ही व एक फ्रीज जळाला होता. न्यूट्रल तुटल्यावर वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी मालिकेत जोडली जातात. दोन फेजमधले सुमारे ४१५ व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात आणि ज्या घरात भार कमी, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त येते. त्या तीन वस्तूंची भरपाई मी हप्त्याहप्त्याने केली. तेव्हापासून प्रत्येक आवळलेल्या स्क्रूवर मार्करने एक रेघ ओढतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांनाही तसे करायला लावतो.

सगळ्यांत जास्त सराव करायचा तो पुरवठा बंद करण्याचा. स्विच खाली केला म्हणजे लाइन बंद झाली असे मानू नये. क्रम असा आहे: ज्या एमसीबीतून (जादा करंट झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचमधून) किंवा फ्यूजमधून पुरवठा येतो तो बंद करावा; फ्यूज असेल तर काढून स्वतःच्या खिशात ठेवावा, एमसीबी असेल तर त्याला कुलूप लावावे किंवा निदान पाटी अडकवावी; त्यानंतर आपले मीटर एखाद्या चालू असलेल्या सॉकेटवर लावून ते नीट दाखवत आहे याची खात्री करावी; मग काम करायच्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तिन्ही मापे घ्यावीत; आणि शेवटी मीटर पुन्हा चालू सॉकेटवर लावून पाहावे, कारण मधल्या वेळात मीटरच बिघडले असेल तर ‘शून्य’ हा आकडा फसवा असतो. खिशातला निऑन टेस्टर या कामासाठी पुरेसा नाही. प्लास्टिकच्या स्टुलावर उभे असताना तो पेटेलच असे नाही आणि न्यूट्रल तुटलेला असेल तर काळ्या, म्हणजे न्यूट्रलच्या तारेवरही पेटतो.

घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही काही पॉइंट जिवंत राहतात. छतावर सोलर असेल तर आणखी सांभाळावे लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट व त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, त्यामुळे आपल्याकडे हे काम झपाट्याने वाढले आहे. मात्र उन्हात पॅनेलची डीसी बाजू बंद करता येत नाही, ओळीने जोडलेल्या पॅनेलचे व्होल्टेज कित्येक शे व्होल्टपर्यंत जाते, आणि डीसी करंट एसीसारखा दर सेकंदाला अनेकदा शून्यावर येत नसल्याने भार चालू असताना जोड ओढला तर पेटलेली ठिणगी आपोआप विझत नाही.

शॉक लागलेल्या माणसाला आधी पुरवठ्यापासून तोडावे आणि मग हात लावावा. श्वास व नाडी नसेल तर १०८ ला फोन करायला दुसऱ्याला सांगून लगेच छातीवर दाब द्यायला लागावे. मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब आणि २ श्वास असा क्रम ठेवावा. हे पुस्तकात वाचून येत नाही. संस्थेत पुतळ्यावर सराव करवून घेतात, त्या दिवशी गैरहजर राहू नये.

गणित: कागदावरचे आणि भिंतीतले

कार्यशाळा-गणिताच्या तासाला मुले मागच्या बाकावर जाऊन बसतात, हे मला मनापासून खटकते. वायरचा आकार, एमसीबीचा आकडा आणि माणसाचा जीव या तिन्ही गोष्टी त्याच गणितातून ठरतात. २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो. त्याचा पॉइंट बोर्डापासून २५ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ५० मीटर तांबे झाले. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ८ ओहम धरला तर ५० मीटरचा ०.४ ओहम होतो. व्होल्टेज सुमारे साडेतीन व्होल्टने पडते आणि वायरमध्ये ३० वॅट उष्णता तयार होते. हेच काम एक चौरस मिलिमीटरच्या वायरने केले, तर तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला १९ ओहमच्या आसपास असल्याने ५० मीटरला ०.९५ ओहम होतो, व्होल्टेज आठ व्होल्टहून अधिक पडते आणि भिंतीतल्या पाइपात सुमारे ७२ वॅट उष्णता कोंडली जाते. जुन्या पद्धतीचा साठ-सत्तर वॅटचा पिवळा दिवा प्लॅस्टरच्या आत सतत पेटता ठेवल्यासारखे हे आहे. घरमालकाला गिझर चालू दिसतो, म्हणून काम बरोबर झाले असे त्याला वाटते. गणित केलेल्यालाच ते चूक दिसते.

हेच गणित एमसीबीला लावावे. एमसीबी वायरचे रक्षण करतो. ‘सी’ प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी झटक्यात पडायला त्याच्या ५ ते १० पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर करंट लागतो. माणसाच्या छातीतून गेलेला काही दशक मिलिअँपिअरचा करंट मात्र प्राण घेऊ शकतो. या दोन आकड्यांमधल्या प्रचंड अंतरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत तेवढा फरक पडला की तो लाइन तोडतो. ज्याला हे उदाहरण कागदावर स्वतः सोडवता आले, तो ‘आरसीसीबी सारखा पडतो म्हणून काढून टाका’ या ग्राहकाच्या आग्रहापुढे नमत नाही. तो गळती शोधतो.

दुसऱ्या वर्षी थ्री फेज येते तेव्हा याच पायावर १.७३२ (तीनचे वर्गमूळ) हा आकडा चढतो. ५ अश्वशक्तीची, म्हणजे ३.७ किलोवॅटची मोटर ४१५ व्होल्टवर, पॉवर फॅक्टर ०.८ आणि कार्यक्षमता ०.८५ धरल्यास, साधारण ७.६ अँपिअर घेते. ही संख्या काढून मग क्लॅम्प मीटरने प्रत्यक्ष करंट मोजावा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावेत. मोटर रिकामी फिरत असेल तर मोजलेला आकडा कमी येईल; तो का कमी आला हे विचारणारा विद्यार्थी शिक्षकांनाही आवडतो.

अर्थिंग आणि तपासणी

या विषयावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण सगळ्या अभ्यासक्रमात सर्वाधिक दुर्लक्ष याकडे होते. वायरिंगसाठी भारतीय मानक ७३२ आणि अर्थिंगसाठी भारतीय मानक ३०४३ आहे. दोन्हींची निदान अनुक्रमणिका विद्यार्थ्याने नजरेखालून घालावी. खड्डा, कोळसा, मीठ, पाइप हे सगळे शिकवले जाते. पण खड्डा बुजवल्यावर रेझिस्टन्स मोजणारे फार थोडे असतात.

समजा एका घराच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स २० ओहम आहे आणि गिझरच्या आत फेजची तार धातूच्या आवरणाला टेकली. वीज कंपनीच्या बाजूचा रेझिस्टन्स अजिबात धरला नाही तरी जमिनीत जाणारा करंट २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर झाला. १६ अँपिअरचा एमसीबी तेवढ्या करंटला कधीच पडणार नाही. गिझरचे आवरण जिवंत राहील, नळाला हात लावणाऱ्याला शॉक बसेल, आणि ‘अर्थिंग तर आहे’ असे सगळे म्हणत राहतील. आरसीसीबी असेल तर तो क्षणात तोडेल. म्हणून अर्थिंग, एमसीबी आणि आरसीसीबी हे तिन्ही एकत्र समजून घ्यावे लागतात.

मोजण्याची पद्धत अशी: अर्थ टेस्टरचे एक टोक इलेक्ट्रोडला, दुसरे दूर ठोकलेल्या करंटच्या सळईला आणि तिसरे या दोन्हींच्या मध्ये, सरळ रेषेत ठोकलेल्या व्होल्टेजच्या सळईला जोडावे. एक माप घ्यावे. मग मधली सळई थोडी पुढे आणि थोडी मागे नेऊन पुन्हा मापे घ्यावीत. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तरच ते खरे मानावे. वेगवेगळे आले तर करंटची सळई आणखी लांब न्यावी. पादरा, डभोई, करजण या बाजूला काळी माती आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, त्यामुळे त्याच खड्ड्याचा मे महिन्यातला आणि ऑगस्टमधला आकडा बराच वेगळा येतो. विद्यार्थ्याने संस्थेच्या आवारातील एकच खड्डा निवडून वर्षभर दर महिन्याला त्याचे माप टिपून ठेवावे. कोणत्याही प्रकल्पाच्या फाइलपेक्षा त्या बारा आकड्यांतून जास्त शिकायला मिळते.

नवे वायरिंग चालू करण्यापूर्वीच्या तपासण्यांचा क्रम ठरलेला आहे. प्रथम अर्थची तार प्रत्येक सॉकेटपर्यंत अखंड आहे हे पाहावे. मग सगळी उपकरणे, एलईडी दिवे आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काढून, एमसीबी आणि स्विच चालू ठेवून, ५०० व्होल्टच्या मेगरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ यांतील इन्सुलेशन मोजावे. एक मेगाओहमपेक्षा कमी आकडा आला तर पुरवठा देऊ नये. नव्या कोरड्या वायरिंगमध्ये तो याहून पुष्कळ जास्त यायला हवा. त्यानंतर स्विच फेजवरच आहे हे तपासावे. शेवटी पुरवठा देऊन आरसीसीबीचे टेस्टचे बटन दाबावे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा या तपासण्यांची किंमत अनेकांना कळली. पाणी ओसरल्यावर लोकांना दिवे लावायची घाई होती. आम्ही जेथे जेथे गेलो तेथे मेन चालू न करता आधी मेगर लावला. तळमजल्याच्या सर्किटवर काटा शून्याजवळ राही आणि वरच्या मजल्याचे सर्किट ठणठणीत निघे. तेव्हा खालची सर्किटे बोर्डातून सोडवून वरची चालू केली. बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी वाळवून परत बसवू नयेत, ते बदलावेत, कारण आत साचलेला गाळ बाहेरून दिसत नाही. भिंतीतले पाइप कोरडे व्हायला काही ठिकाणी दोन आठवडे लागले. माझ्याबरोबरच्या दोन मुलांनी तेव्हा रोज सकाळी त्याच सर्किटचा आकडा लिहून ठेवला होता. शून्याजवळून सुरू झालेला तो आकडा कसा चढत गेला, हे त्यांच्या अजून तोंडपाठ आहे.

दुसरे वर्ष आणि परीक्षा

दुसऱ्या वर्षी डीसी यंत्रे, थ्री फेज मोटर, अल्टरनेटर, वाइंडिंग, कंट्रोल पॅनेल, ड्राइव्ह, इन्व्हर्टर, सोलर आणि वितरणव्यवस्था येते. यांपैकी कंट्रोल पॅनेलवर जितका हात बसेल तितका बसवावा, कारण या पट्ट्यातील कारखान्यांत रोजचे काम तेच आहे. पॉवर सर्किट आणि कंट्रोल सर्किट वेगवेगळ्या कागदांवर काढावे, प्रत्येक वायरला क्रमांक द्यावा, दोन्ही टोकांना तोच क्रमांक चढवावा. बिघाड शोधताना सुटे भाग बदलत सुटू नये. आराखड्याच्या मध्यावर मीटर लावावे, तेथे व्होल्टेज असेल तर दोष पुढे, नसेल तर मागे, असे करत जावे.

परीक्षेसाठी ८० टक्के हजेरी आवश्यक असते. ती दुसऱ्या सत्रात भरून काढू म्हणणारी मुले दरवर्षी अडकतात. लेखी परीक्षा संगणकावर वस्तुनिष्ठ प्रश्नांची असते, प्रात्यक्षिक वेगळे असते. जर्नल त्या त्या दिवशीच लिहावे आणि त्यात मोजलेला आकडा लिहावा. पुस्तकातला उतरवू नये.

अवजारे एकदम विकत घेण्याची गरज नाही. १००० व्होल्टची खूण असलेली इन्सुलेटेड पक्कड, दोन पेचकस, स्ट्रिपर आणि सीएटी थ्री (इमारतीच्या पक्क्या वायरिंगवर व पॅनेलवर वापरण्याचा सुरक्षितता दर्जा) अशी खूण असलेले मल्टिमीटर एवढे पहिल्या वर्षाला पुरते. मल्टिमीटरच्या बाबतीत स्वस्ताईच्या मागे लागू नये.

मुलींच्या पालकांसाठी एक वाक्य: पॅनेल वायरिंग, चाचणी विभाग आणि वाइंडिंग या कामांत मी मुलींचा हात फार सुबक पाहिला आहे, आणि कारखानेही त्यांना आवर्जून घेतात.

शिकाऊ उमेदवारी

प्रमाणपत्र मिळाले की लगेच १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील उमेदवारी धरावी. केंद्राच्या अप्रेंटिसशिप संकेतस्थळावर नोंदणी करून कारखान्यांकडे अर्ज करता येतो. वीज कंपन्या आणि रेल्वेही उमेदवार घेतात. दुकानात लगेच मिळणारा पगार उमेदवारीच्या विद्यावेतनापेक्षा थोडा जास्त असतो आणि घरची ओढ असेल तर तिकडे मन जाते, हे मी समजू शकतो. पण वीज कंपनीतल्या विद्युत सहायकासारख्या जागांना उमेदवारीची अट आणि खांबावर चढण्याची परीक्षा असते, आणि एक वर्ष वाचवण्याच्या नादात ती दारे बंद होतात.

उमेदवारीत पहिले दोन महिने झाडू मारायला आणि केबल ओढायला लावतील. केबल ओढतानाच तिचा मार्ग, ग्लँड (केबल घट्ट धरणारा भाग), लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) आणि टर्मिनल पाहायला मिळतात, तेव्हा ते काम टाळू नये. शक्य तितके विभाग फिरून घ्यावेत आणि देखभाल विभागात रात्रपाळी मिळाली तर ती आनंदाने करावी. रात्री बिघाड झाला की माणसे कमी असतात आणि उमेदवाराच्या हाती मीटर येते.

परवाना

येथे बहुतेकांचा गैरसमज असतो. आयटीआयचे प्रमाणपत्र म्हणजे विजेचे काम करण्याचा परवाना नव्हे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता ग्राहकाच्या जागेतील विजेचे काम परवानाधारक कंत्राटदाराने, प्रमाणित पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घेतले पाहिजे, असा नियम १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून चालत आला आहे आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या व नंतर २०२३ च्या विनियमांतही तो आहे. गुजरातमध्ये हे परवाने मुख्य विद्युत निरीक्षकांच्या अखत्यारीतील परवाना मंडळ देते.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी वायरमनचे परमिट, मग अनुभव घेऊन पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र आणि स्वतःचा धंदा करायचा असेल तर कंत्राटदाराचा परवाना. अनुभवाचा दाखला तारखांसह, परवाना क्रमांकासह आणि केलेल्या कामाच्या वर्णनासह त्या त्या वेळीच घ्यावा. पाच वर्षांनी जुन्या मालकाकडे गेल्यावर तो मिळेलच असे नाही. कंत्राटदारासाठी मेगर, अर्थ टेस्टर वगैरे उपकरणे स्वतःची असावी लागतात, तेव्हा ती आधीपासून एकेक करून जमवावीत. परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

परवाना हाती आल्यावरचे पहिले काम बहुधा एखाद्या नव्या घराच्या वीजजोडणीचे असते. त्या अर्जासोबत वायरिंगचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. त्यात इन्सुलेशनचा आणि अर्थिंगचा आकडा भरायचा असतो आणि खाली सही करायची असते. तो अर्ज कंत्राटदाराच्या टेबलावर घाईघाईने, आधीच्या अहवालावरचा आकडा उतरवून भरला गेलेला मी पाहिला आहे. मेगर आणि अर्थ टेस्टर घेऊन त्या घरी जावे, प्रत्येक सर्किट मोजावे, आकडा जागेवरच लिहावा, एक प्रत घरमालकाला द्यावी आणि एक आपल्या फाइलला ठेवावी. एका घराला साधारण दीड तास लागतो.